चाचींच्या अंगणातली केबिन

आमच्या गल्लीतल्या कमरुन्निसाचाची घाबरट आहेत, आणि हे त्या स्वतःच सांगतात. गॅस बंद केला की नाही, या शंकेनं बाजाराच्या अर्ध्या वाटेवरून परत येतील. गल्लीत कुत्रं बसलेलं दिसलं तर ते उठून जाईपर्यंत कोपऱ्यावर उभ्या राहतील. त्यांचे यजमान लालमहंमदभाई वेल्डर होते. ते एखाद्या शेडवर चढलेत असं कळलं की चाचींच्या घशाखाली घास उतरत नसे. पण भाई गेले ते उंचावरून पडून नाही. अंगणात बसून चहा पिताना छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

तळवड्यात, आयटी पार्कच्या मागच्या बाजूला त्यांचं घर आहे. गुंठाभर जागा, त्यात दोन खोल्या आणि पुढे अंगण. त्याच अंगणात भाई कंपन्यांच्या गेटवर ठेवतात तशा वॉचमनच्या केबिनी बनवायचे. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रा, आतून प्लायवूड, तीन बाजूंना काचा आणि चौथ्या बाजूला दार. ते गेले तेव्हा एक केबिन तयार होऊन उभी होती. ज्यांनी ती करायला सांगितली होती ते न्यायला आलेच नाहीत. चाचींनाही ती विकवेना. मुलगा शोएब चाकणच्या एका कंपनीत कामाला, बायको-मुलांना घेऊन तिकडेच भाड्यानं राहतो. चाची घरी बसून कामगारांचे सुती हातमोजे शिवतात. त्यावर त्यांचं एकटीचं भागतं.

चाची रोज सकाळी दूध आणायला जायच्या तेव्हा त्यांना गोजाबाई दिसायच्या. मोठ्या रस्त्यावर हार्डवेअरचं एक दुकान बंद पडलंय, त्याच्या पायरीवर त्या झोपायच्या. वय साठीच्या बरंच पुढचं, नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण. दिवसभर प्लास्टिकच्या बाटल्या वेचायच्या. चाची त्यांच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. उलट त्या दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. थंडी होती, अजून पुरतं उजाडलं नव्हतं. एक कंटेनर मागे घेता घेता त्या दुकानाच्या पायरीवर चढला. क्लीनर ओरडेपर्यंत मागचं चाक गोधडीवरून गेलं होतं. चाची किटली घेऊन पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गोजाबाई बाजूच्या नळावरून तोंड धुऊन येत होत्या. त्या गाडीजवळ आल्या आणि चाकाखालच्या गोधडीकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ड्रायव्हरनं गाडी पुढे घेतली आणि तो निघून गेला.

चाची रस्ता ओलांडून गेल्या. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"मावशी, माझ्या अंगणात एक केबिन आहे. रिकामीच आहे. चला."

"दार हाय का तिला?"

"आहे की."

"कडी कुनीकडनं?"

"आतून आहे, बाहेरूनही आहे."

"मग न्हाई येत."

चाचींना काही उमगेना. पण त्या चाकाखालचं दृश्य डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. दुपारी त्यांनी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून केबिनची बाहेरची कडी कापून काढली आणि पुन्हा गोजाबाईंना आणायला गेल्या. गोजाबाईंनी दाराच्या बाहेरच्या अंगावरून हात फिरवला, कापलेल्या जागी बोट लावून पाहिलं, आणि मग आत पाऊल टाकलं.

ते घर ते केवढं! मधोमध उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकायचे. पाय आखडून झोपावं लागायचं. चाचींनी घरातून वायर ओढून एक बल्ब दिला, एक फळी ठोकून घेतली, उन्हाळ्यासाठी वरून हिरवी जाळी टाकू म्हणाल्या. अंगणातला संडास-मोरी दोघींची. गोजाबाईंनी पहिल्याच दिवशी पिठाच्या पिशव्या उसवून तिन्ही काचा आतून झाकून टाकल्या. एका कोपऱ्यात मात्र बोटभर फट ठेवली, गेटच्या बाजूला.

समोरच्या बंगल्यातल्या विजयश्रीताई दुसऱ्याच दिवशी आल्या. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. बोलणं सरळ आणि जरा कडक.

"चाची, एकदा बसली की उठायची नाही ती. उद्या म्हणेल, जागा माझी. आणि अंगणात असं कुणाला ठेवता येतं का, कॉर्पोरेशनला विचारलंत?"

शोएबनं फोनवर दुसरीच भीती घातली. "अम्मी, ती बाई कोण, कुठली, काही माहिती आहे तुला? उद्या काही झालं तर सगळे आपल्यालाच विचारतील. दिवस कसे आहेत बघतेस ना?"

'आपल्यालाच' हा शब्द चाचींच्या मनात रुतून बसला. भलं करायला गेलो आणि भलतंच अंगावर आलं तर? त्या स्वयंपाकघराचं दार आतून लावून झोपायला लागल्या. केबिनमधून खोकल्याचा आवाज आला तरी दचकायच्या, नाही आला तरी दचकायच्या.

आणि गोजाबाईंचं वागणंही विचित्र. त्यांनी बाटल्या वेचायला जाणं बंद केलं. चाचींच्या शेजारी बसून शिवलेले हातमोजे काठीनं उलटवून द्यायच्या. काम स्वच्छ, बोलणं कमी. पण गल्लीत एखादी चारचाकी थांबली की हातातलं टाकून केबिनमध्ये शिरायच्या आणि खाली बसायच्या. काचेच्या खाली, जमिनीशी. गाडी गेली तरी बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत.

एके दिवशी चाचींना राहवलं नाही. "मावशी, खरं सांगा. पोलिसांची काही भानगड आहे का?"

गोजाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाल्या, "माजा ल्योक हाय."

मग हळूहळू कळलं. चाकणच्या पुढचं गाव. जमीन होती. एमआयडीसीच्या वेळी गोजाबाईंनी अंगठा दिला, जमीन गेली, आलेलं सगळं मुलानं ठेवून घेतलं. माळावरचा एक तुकडा तेवढा त्यांच्या नावावर राहिला होता. आता नव्या रस्त्यात तोही जाणार, म्हणून मुलगा पुन्हा अंगठा मागत होता. त्यांनी दिला नाही. मुलानं त्यांना गोठ्यात घालून बाहेरून कडी लावली. आत पाणी होतं, भाकरी नव्हती. एका सकाळी गडी शेण काढायला आला आणि दार उघडं राहिलं. तेवढ्यात त्या निघाल्या.

"पण मावशी, जमीन जाणारच होती, तर द्यायचा ना अंगठा. तुम्ही तरी सुटला असता."

"अंगठा दिल्यावर मला जित्ती ठिवायचं कारन काय ऱ्हातंय त्याला?" गोजाबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. त्या दिवसापासून गल्लीत गाडी थांबली की दोघीही गप्प व्हायच्या.

फेब्रुवारीत तो आला. पांढरी गाडी, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. गेटबाहेर चप्पल काढून उभा राहिला, इतका नम्र.

"चाची, नमस्कार. मी दिग्विजय. माझी आई हरवलीय हो." त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. "डोक्यावर थोडा परिणाम झालाय तिच्या. कुणी म्हणालं, तुमच्याकडे एक म्हातारी आहे."

चाचींच्या पाठीमागेच केबिन होती. मागे वळून बघितलं तर संपलं, एवढंच त्यांना सुचत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझी नणंद आहे ती. गावाहून आलीय."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. केबिनकडे पाहिलं, पिठाच्या पिशव्यांकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि हसून गेला.

त्या रविवारी भर दुपारी तो माणसं घेऊन आला. दोन गाड्या होत्या. त्यानं गेट हलवायला सुरुवात केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "माझ्या आईला या बाईनं डांबून ठेवलंय! पत्र्याच्या खोक्यात कोंडलंय! बघा, जिवंत माणसाला कोंडलंय!"

लोक जमले. अर्धे ओळखीचे, अर्धे नुसते बघायला आलेले. कुणी मोबाइल वर धरला. कुणीतरी मागून म्हणालं, "यांच्या घरात काय चालतं कुणाला माहीत!" ज्याच्या मुलांचे शाळेचे कपडे चाचींनी दरवर्षी उसवून मोठे करून दिले होते, त्याचा तो आवाज. चाचींना तो ओळखू आला. त्यांनी शोएबला फोन लावला, तर तो उचलेना.

गेटची कडी निघाली. दिग्विजय आत येणार, तेवढ्यात चाची पुढे झाल्या खऱ्या, पण त्यांचे पाय लटपटले आणि त्या गेटच्या तोंडाशीच खाली बसल्या. अशा बसल्या की त्यांना ओलांडल्याशिवाय कुणाला आत जाता येईना. नंतर लोक म्हणाले, चाची वाघिणीसारख्या आडव्या आल्या. चाची म्हणतात, "कसली वाघीण! मला उभंच राहता येईना."

"सरका, चाची," दिग्विजय हळू आवाजात म्हणाला.

तेव्हा समोरच्या बंगल्यातून विजयश्रीताई खाली आल्या. गर्दीतून वाट काढत गेटपाशी उभ्या राहिल्या.

"कोंडलंय म्हणता, तर कुलूप दाखवा," त्या म्हणाल्या. "मी दोन महिने रोज माझ्या गॅलरीतून बघतेय. चोरी करते का, कोण येतं-जातं का, सगळं बघत होते. त्या दाराला बाहेरून कडीच नाही. ती बाई स्वतःच कडी लावते, स्वतःच उघडते. आणि मी एकशे बाराला फोन केलाय. पोलीस येईपर्यंत कुणी आत जायचं नाही."

गर्दी जरा शांत झाली. मोबाइल धरलेला हात खाली आला. त्या शांततेत केबिनची कडी आतून निघाल्याचा आवाज झाला.

गोजाबाई बाहेर आल्या. दाराला धरून उभ्या होत्या. त्यांचं लुगडं भीतीनं ओलं झालं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

"म्या हारवले न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या पळून आलेय. ह्यानं मला गोठ्यात कोंडलं व्हतं. ह्या भाबीनं न्हाई."

"आई, चल घरी," दिग्विजय म्हणाला. आवाज गोड होता.

"न्हाई येत."

"आई!"

या वेळी आवाज गोड नव्हता. गोजाबाई दारातच आक्रसल्या, लहान मूल मार चुकवायला हात डोक्यावर घेतं तसे त्यांनी हात घेतले. गर्दीनं ते बघितलं. दिग्विजयबरोबर आलेली माणसं एकेक करून गाडीकडे सरकायला लागली.

पोलीस आले. चौकीत एका महिला पोलिसानं गोजाबाईंना एकटीला आत बसवून विचारलं, कुठं राहायचंय. गोजाबाईंनी जबाब दिला आणि पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं कागदावर अंगठा उमटवला. दिग्विजयला समज देऊन सोडलं. चौकीच्या पायऱ्या उतरताना तो चाचींच्या शेजारून गेला आणि फक्त त्यांनाच ऐकू येईल असं म्हणाला, "तुम्ही एकट्याच राहता ना, चाची?"

हे चाचींनी शोएबला सांगितलं नाही. तो शिफ्ट सोडून धावत आला होता. आधी खूप चिडला. "अम्मी, आज काय झालं असतं, कळतंय का तुला? आश्रमात सोय करू आपण त्यांची. इथं नको." केबिनमधून गोजाबाईंना हे ऐकू जात होतं. थोड्या वेळानं त्या गाठोडं बांधून बाहेर आल्या.

"खरं हाय पोराचं," त्या म्हणाल्या. "माज्यापायी तुमच्या दारात राडा नको. म्या जाते."

शोएब बघत राहिला. त्यांच्या गाठोड्यात एक गोधडी आणि एक भांडं, बाकी काही नव्हतं. त्यानं ते त्यांच्या हातातून घेतलं, केबिनमध्ये नेऊन ठेवलं आणि परत येऊन बसला. कुणाकडेच बघितलं नाही. मग तो आठवडाभर तळवड्यातूनच कामाला जायचा. उतरत्या दुपारी दोघी मोजे करत असताना गेटपाशी खुर्ची टाकून मोबाइल बघत बसायचा. आपण पहारा देतोय असं तो म्हणाला नाही, त्याही म्हणाल्या नाहीत.

आता तो चाकणला परत गेलाय. विजयश्रीताई संध्याकाळी एकदा तरी हाक मारतात. मागून बोलणारा तो शेजारी मान खाली घालून जातो. गोजाबाईंनी माळावरच्या तुकड्यासाठी वकील गाठलाय, विजयश्रीताईंच्या ओळखीचा. तारखा चालू आहेत. तारखेला जाताना चाची सोबत असतात, आणि रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत मागे वळून बघत असतात.

मागच्या आठवड्यात एक माणूस आला. गेटबाहेर उभा राहून त्यानं मोबाइलवर केबिनचे फोटो काढले. कॉर्पोरेशनचा होता की दिग्विजयचा, कळलं नाही. विचारलं तर "काही नाही, काही नाही" म्हणाला आणि गेला.

"भाबी," गोजाबाई म्हणाल्या, "केबिन उचलून न्हेली तर?"

चाची उठल्या, घरातली शिलाई मशीन भिंतीकडे सरकवली आणि जमिनीवर एक माणूस झोपेल एवढी जागा होते का, ते स्वतः आडव्या होऊन बघायला लागल्या.