लाल ओढणी

समोरच्या गच्चीवर पाच मुलं गळ्यात रंगीत ओढण्या बांधून लढाई खेळत होती. आमच्या लहानपणी टीव्हीवरच्या मालिकांत लागणाऱ्या, प्रत्येकाचा वेगळा रंग असलेल्या जपानी वीरांच्या टोळ्याच जणू.

"आमची विमानवाली टोळी सगळ्यात गाजली," नवरा म्हणाला.

"काहीतरीच! रोबोवाली गाजली. वीर व्हायला पोरं ओढण्या पळवायची, आमच्या गल्लीत एकही ओढणी दोरीवर टिकत नव्हती."

मालिका किती गाजली, हे मी अजून त्या दोरीवरूनच मोजते. गल्लीतली पोरं मला गुलाबी व्हायला सांगायची. लाल म्हणजे म्होरक्या, आणि तो मुलगाच असतो, म्हणायची. मी रडत घरी गेले, तेव्हा शाळा न पाहिलेल्या आईने जुन्या लुगड्याची लाल पट्टी फाडून माझ्या गळ्यात बांधली. "जा, हो म्होरकी." घरातली पहिली पदवी मी पुढे घेतली; पण पहिला मान त्या पट्टीचा.

गच्चीवर कुणीतरी ओरडलं, "ए चिमे, लाल मुलगा असतो!"

"मग आजपासून मुलगी!" लाल ओढणीवाल्या चिमीने हात उंचावला. मग चौघंही आरोळी ठोकत तिच्यामागे धावली.

नवरा हसला. "बरं बाई, तुझीच टोळी गाजली."