जॉबरचं बहिरं कुत्रं

…तर कुत्रं पलंगाखाली आणि जॉबर पलंगासमोर, इथवर आलो होतो. गुडघे टेकून, गाल फरशीला लावून जॉबर ओरडत होता, "बाहेर ये! ए, बाहेर ये म्हणतो ना!" त्या आवाजाने समोरच्या घरातला माणूस बाहेर आला, त्याची बायको बाहेर आली, शेजारचा शिंपी तोंडात टाचण्या धरून बाहेर आला. कुत्रं तेवढं आणखी आत सरकलं.

का सरकू नये? हा माणूस म्हणजे कापडगिरणीत मागांच्या खात्यावर जॉबर म्हणून जन्म काढलेला. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा आणि विणकरांवर खेकसणारा. पहिलं काम त्याला बरं जमायचं, दुसरं फारच बरं. मागांच्या खडखडाटाने कान कधीच कामातून गेले होते. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून तो ओरडे, आणि लोकांना वाटे स्वारी रागात आहे. मीठ मागायचा तेसुद्धा दरोडा घातल्यासारखं. समोरच्याचे ओठ बघून बोलणं मात्र बरोबर ओळखायचा. पण "मला कमी ऐकू येतं" एवढे चार शब्द त्याच्या तोंडून कुणी काढून दाखवावेत! डॉक्टरने कानाचं यंत्र सुचवलं तर त्यालाच म्हणाला, "हल्ली लोकांना धड बोलता येत नाही. यंत्र त्यांच्या तोंडाला बसवा."

बायकोही त्याच गिरणीतली, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यातली. खात्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. सूत तुटलं, माग थांबव, इकडे ये, चहाला चल, सगळं हातांनी. या दोघांचं लग्नही तसंच जमलं. हातांनी विचारलं, हातांनी होकार. पण गिरणीतली नोकरी सुटली तसं जॉबरने घरात फर्मान काढलं, "हातवारे गेले गिरणीबरोबर. घरात माणसासारखं तोंडाने बोलायचं. मी काय बहिरा आहे?" झालं, बिचारी तेव्हापासून तीही ओरडायला लागली.

कुत्रं तिने आणलं होतं. मुलगी लग्न करून लांब गेली आणि घरात आवाजाशिवाय काही उरलं नाही, म्हणून. टाकून दिलेली जनावरं सांभाळणारी एक संस्था होती, तिथलं ते. एका बंद गोदामात साखळीला बांधून मालक पसार झाला होता. एक कान फाटका, पोट पाठीला लागलेलं, आणि डोळ्यांत अशी भीती की बघणाऱ्यानेच माफी मागावी. संस्थेच्या बाईने निक्षून सांगितलं होतं, "येत्या रविवारी मी बघायला येईन. तोवर हे माणसांत येऊन खायला लागलं तर तुमचं. नाहीतर परत नेईन. घाबरून कोपऱ्यात जगण्यापेक्षा आमच्याकडे बरं."

बायकोच्या जिवाला घोर लागला. दुधात पाव कुस्करून ती वाटी पलंगाखाली सरकवायची आणि दाराआडून बघत बसायची. कुत्रं जरा नाक पुढे काढायचं, की जॉबरची तोफ धडाडलीच. "खाल्लं का गं त्याने?" वाटी तशीच राहायची.

जॉबरला त्या कुत्र्याचा मनापासून तिटकारा आला. त्याच्या शब्दाला विणकर उडी मारून उठायचे, आणि हे फाटक्या कानाचं दरिद्री जनावर शेपूट दाबून बसतं म्हणजे काय! दोन दिवस विचार करून त्याने शोध लावला. फरशीवरून उठला, गुडघे झाडले आणि जाहीर केलं, "हे कुत्रं ठार बहिरं आहे."

शिंपी बाहेर खिडकीशीच उभा होता. "कोण बहिरं म्हणालात, जॉबर?"

तोंडात टाचण्या, त्यामुळे ओठ वाचता येईनात. "टाचण्या काढून बोल," जॉबर गरजला. "गिळशील एखादी, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी टोचून बोलशील."

शिंप्याला हसू आवरेना. बायकोला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, "अहो, काहीतरीच काय? साधं झाकण पडलं तरी अंग चोरतं ते."

"अंग चोरतं ते आळसाने. कापडात खोट निघाली तर ठाण परत करतात. बाईला आजच निरोप धाडतो, रविवारी येताना याच्या बदल्यात दुसरं आणा, ऐकणारं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ओरडणाऱ्या त्या तोंडाकडे, त्या तोऱ्याकडे, फरशीवर टेकून पांढऱ्या झालेल्या त्या गालाकडे. इतक्या वर्षांच्या संसारात या शहाण्याला समजावून काही पटलेलं नव्हतं. पटवायला गेलं की तो दुप्पट ओरडणार, आणि कुत्रं गेलंच म्हणून समजा. तिने पदराला हात पुसले.

"बरं, बहिरं तर बहिरं," ती म्हणाली. "मग बहिऱ्याशी बोलतात तसं बोला की. उगाच घसा कशाला कोरडा करताय?"

ओरडायला उघडलेलं तोंड जॉबरने मिटलं. बहिरं आहे हे त्यानेच ठरवलेलं. आता त्याच्यावर ओरडायचं म्हणजे स्वतःचंच म्हणणं खोटं पाडायचं, आणि ते तर त्याने गिरणीच्या मालकासमोरही केलं नव्हतं.

तो पलंगापासून लांब, भिंतीला पाठ लावून खाली बसला. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून त्याने हात छातीकडे ओढला. खात्यातली 'इकडे ये' ही खूण. मग दोन बोटं ओठांशी नेली. म्हणजे 'चहाची सुट्टी'. कुत्र्याला चहाची सुट्टी काय कळणार, म्हणा! पण घर एकदम शांत झालं होतं. घड्याळ ऐकू येऊ लागलं, शिंप्याचं मशीन ऐकू येऊ लागलं. बायकोही ओरडायचं विसरली. तिनेही हातांनीच विचारलं, 'वाटी पुढे सरकवू?' जॉबरने चिडून हातानेच सांगितलं, 'थांब.'

पहिल्या दिवशी नाक बाहेर आलं, मग पुढचे पाय. शनिवारी दोन बोटं ओठांशी गेली की कुत्रं वाटीपाशी हजर. 'माग थांबव' म्हणून तळवा दाखवला की जागच्या जागी उभं. जॉबर गल्लीभर मिरवला. "बघितलंत? म्हणालो नव्हतो, बहिरं आहे म्हणून!" शिंप्याने या वेळी टाचण्या काढून ठेवल्या आणि हात जोडले.

रविवारी संस्थेची बाई आली. कुत्रं जॉबरच्या पायाशी बसून निवांत खात होतं. बायकोचे डोळे भरून आले. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. कुत्र्याने चटकन मान वर केली, धड कान ताठ केला, शेपूट हलवून दाराकडे पाहिलं आणि पुन्हा वाटीत तोंड घातलं. जॉबरला घंटी ऐकू आली नाही, पण कान दिसला. बाईच्या चेहऱ्यावरचं हसूही दिसलं.

"काका, याला उत्तम ऐकू येतं हो," बाई म्हणाली. "पण तुमचा निरोप होता, बहिरं निघालं, बदलून द्या. मग काय करू? घेऊन जाऊ?"

पदराचं टोक मुठीत धरून बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता हा आपलं म्हणणं राखतो की कुत्रं, एवढाच प्रश्न होता. जॉबर कुत्र्याकडे बघून तुच्छतेने फुरफुरला. मग आख्ख्या गल्लीला ऐकू जाणाऱ्या आवाजात नाही, तर चक्क माणसासारख्या आवाजात म्हणाला,

"राहू द्या. ऐकू येतं ही खोट आहेच, पण चालवून घेऊ. मी काही सांगायला लागलो की माझ्याकडे बघतं तरी; ही तर भांडताना मुद्दाम पाठ फिरवून बोलते."