लेबलावरचं कुंकू

नव्वदच्या दशकात डोंबिवलीच्या एमआयडीसीत, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी लागले, तेव्हा वाटलं होतं की कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला निदान पंख्याखालची खुर्ची मिळेल. मिळाली टूल रूम. तिथल्या प्रत्येक हत्यारावर बारकोडचं लेबल चिकटवायचं आणि कोणतं हत्यार कोणी नेलं याची नोंद मशीनवर आणायची, हे माझं काम. टिटवाळ्याहून मी रोज तणतणतच यायचे.

टूल रूमच्या खिडकीत स्टोअरकीपर काका बसत. पंचवीस वर्षं तीच खिडकी, तेच स्टूल. पान्यांवर, मायक्रोमीटरवर कोरलेले जुने नंबर त्यांनीच एकेक करून पंचानं ठोकलेले. म्हातारा खडूस आहे, तुझ्या मशीनला दारात उभं करणार नाही, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. झालं उलटंच.

"म्हणजे नंबर आपला आपण नोंदला जाणार? मी वाचायला नको?" त्यांनी विचारलं.

"काही नको. लेबलावर हा लाल उजेड पाडायचा, बस."

त्यांनी एकच पाना पाच वेळा स्कॅनरखाली धरला आणि दर वेळी त्याचा 'टीं' आवाज ऐकून हसले.

हसण्याचं कारण मला त्याच आठवड्यात कळलं. जुने नंबर त्यांनी वाचायचे आणि मी टाइप करायचे, असं ठरलं होतं. पण रोज त्यांचा चष्मा घरी राहायचा. चौथ्या दिवशी चष्मा नाकावर होता आणि तरी ते म्हणाले, "तूच वाच गं, चष्मा राहिला." मी बोलायला तोंड उघडलं आणि पाना हातात घेऊन नंबरच वाचला. त्यांना नंबर दिसतच नव्हते. कुठल्या पान्याचा जबडा झिजलाय, कुठल्या ड्रिलची मूठ तडकलीय, हे हाताला ठाऊक होतं, त्यावर सगळं निभत होतं.

हे साहेबांना कळलं असतं तर निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांना घरी बसवलं असतं. आणि घराचीच त्यांना धास्ती होती. बायको गेल्यापासून घरात कोणी हाक मारत नाही, असं ते एकदा डबा खाताना म्हणाले होते. इथे खिडकीवर दिवसभर "काका, काका" चालायचं. मी कोणाला काही बोलले नाही. फक्त प्रत्येक हत्यारावर लेबल एकाच जागी लावत गेले, बोटाला चटकन सापडेल असं. बाकी मी त्यांच्यावर ओरडायचेच. "काका, उलटं धरलंय!" "काका, दोनदा दाबलंत!" ते मुकाट्यानं ऐकून घेत.

खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून टेबलांवर मांडली. मी दारात रांगोळी घालत होते. हळदीकुंकू काकांनी लावलं. ओल्या बोटानं, भरभरून, प्रत्येक हत्याराला नेमकं लेबलावर.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि मुख्य कचेरीतले साहेब नवी व्यवस्था बघायला आले. स्कॅनर गप्प. दुसरं हत्यार, तिसरं, दहावं. तेल आणि हळदीकुंकवात काळ्या रेघा पार फिसकटल्या होत्या.

"सहा महिने हेच केलंत?" साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. "लेबलांची काळजी घेता येत नाही?"

"चुकलं सर," मी म्हणाले. काकांना कोणी काही विचारू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

साहेब मॅनेजरकडे वळले. "हिला हलवा इथून."

"थांबा साहेब." काका स्टुलावरून उठले. "कुंकू मी लावलं. लेबल माझ्याऐवजी वाचतं ना, म्हणून त्यालाच लावलं. तिचा दोष नाय. मला नंबर दिसत नाहीत. दोन वर्षं झाली."

मला त्यांचा इतका राग आला! पाच महिने मी जपलेली गोष्ट या माणसानं माझ्यासाठी एका दमात सांगून टाकली होती.

साहेबांनी जवळ येऊन काकांच्या डोळ्यांत निरखून बघितलं. मग म्हणाले, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाय. दाखवलं असतं तर इथे सगळ्यांना कळलं असतं."

साहेबांनी मला हलवलं नाही, काकांना मात्र ठाण्याच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही दोघं चोरासारखी लपवत बसलो होतो. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. तोवर खिडकी मी सांभाळली आणि फिसकटलेली लेबलं पुन्हा छापून लावली.

काका परतले त्या दिवशी मी टेबलावर वाकून काम करत होते. ते जवळ आले, काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तू तर एवढीशी पोर आहेस. आणि मी मात्र तुला घाबरत होतो."