ढोकीच्या शिवारात लागलेलं जहाज

ढोकीत ट्रॅक्टर चालवणारी बाई एकच, ती म्हणजे पौर्णिमा. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडून ती कारखान्याच्या आवारात अशी वळवून आणते, की जुनेजाणते ड्रायव्हर हातावरची तंबाखू मळायचं विसरतात. सुरुवातीला हेच लोक तिला हसले होते. तिनं नुसता ट्रॅक्टर चालवला. आता तेच तिला आधी वाट देतात. द्यायलाच पाहिजे, त्यात उपकार कसले!

अशी ही कुणाला न बधणारी बाई घरात मात्र सासूपुढं मान वर करत नाही. भीतीनं नव्हे. लायसन काढायला तिला हाताला धरून धाराशिवला नेलं ते सासूनंच, सुमनबाईंनी. पण सासूला ‘आत्या’ म्हणायचं, ‘तुमी’ म्हणायचं, आणि त्या उभ्या असताना आपण बाजेवर बसायचं नाही, हे पौर्णिमाच्या अंगात मुरलेलं. आणि नेमका इथंच घोळ झाला.

सावित्रीबाईंच्या जयंतीला विहारापुढच्या मैदानात बायकांनी नाटक करायचं ठरवलं. लिहिलं गल्लीतल्या श्रावस्तीनं. पोरगी कॉलेजात शिकते आणि तिच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असतं. “दरवर्षी तीच भाषणं,” ती म्हणाली. “यंदा आपली पन एक सुपरहिरोइन पायजे.” गोष्ट अशी, की भर समुद्रात एका आलिशान जहाजावरून होकायंत्र चोरीला जातं. जहाज भरकटतं, प्रवासी एकमेकांवर संशय घेऊ लागतात, आणि आभाळातून बिजलीबाई उतरते. ती उडते, भिंतीपलीकडचं बघते, आणि खोटं बोलणाऱ्याचा हात धरला की तिच्या हाताला झिणझिण्या येतात. शेवटी ती शोधून काढते, की होकायंत्र खुद्द कप्तानानंच लपवलंय. त्याला ते वाचताच येत नसतं आणि तसं सांगायची लाज वाटत असते.

समुद्र यातल्या कुणाच्या बापानं पाहिला होता? पण जहाज तर पाहिजेच. मग पौर्णिमाच्या दोन्ही ट्रॉल्यांना निळ्या साड्या गुंडाळायच्या आणि पत्र्याच्या पिंपाचं धुराडं उभं करायचं, असं ठरलं. बिजलीबाईही पौर्णिमाच, कारण तिचा आवाज चालू इंजिनावरूनसुद्धा ऐकू जातो. शिवणकाम करणाऱ्या मदिनाबीनं तिच्या पाठीवर सोडायला लाल सॅटिनचा झुलता पदर शिवला आणि स्वतः जहाजावरची खानसामीण झाली. मिशा लावायला मात्र कुणी तयार होईना, तेव्हा कप्तान झाल्या सुमनबाई.

तालमी झकास चालायच्या. शेवटचा प्रवेश आला, की पौर्णिमाचं बोट काही वर उठायचं नाही. वाक्य होतं, “कप्तान, चोर तूच हायस!” तिच्या तोंडून यायचं, “आत्या, चोर तुमीच हाव म्हनं.”

बायका पोट धरधरून हसायच्या. श्रावस्ती कपाळाला हात लावायची. “काकू, बिजलीबाई हाय ती! ती कुनाला भीत न्हाय!”

“तिला सासू न्हाय ना,” पौर्णिमा म्हणायची.

घरी सुमनबाई तिच्यावर डाफरायच्या. “म्हन की मला चोर! मीच सांगायलेय ना तुला!” पौर्णिमा भाकरी थापता थापता मान खाली घालायची. वरवर ती हे हसण्यावारी न्यायची, पण आतून तिला टोचत होतं. गावातल्या एवढ्या पोरी बिजलीबाई बघायला येणार, आणि त्यांच्यासमोर ऐन वेळी बिजलीबाईचीच बोबडी वळली तर? आपल्याकडं बघून त्या काय शिकतील, हा विचार तिला झोपू देईना.

जयंतीच्या दुपारी मैदान फुलून गेलं. बिजलीबाईनं ट्रॅक्टरच्या टपावरून जहाजात उडी घेतली तेव्हा पोरींनी नुसता कल्ला केला. एकेका प्रवाशाचा हात धरून तिनं त्याला निर्दोष ठरवलं. मदिनाबी तर एवढी खरीखुरी रडली, की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आता उरला फक्त कप्तान. आणि तेवढ्यात ऊसतोड टोळीचा मुकादम बलभीम धापा टाकत मैदानात आला.

त्याची टोळी बंडप्पांच्या मळ्यात ऊस तोडत होती. कारखान्यानं उद्याची पाळी आजच दिली होती. तोडीची पाळी काही सणवार बघून येत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो. “ताई, मोळ्या बांधून बायका कवाच्या बसल्यात,” तो म्हणाला. “ट्रॉली पायजे.”

पौर्णिमानं सुटकेचा निःश्वास सोडला. खरंच सोडला. वाक्य टळलं होतं. पण पुढच्या रांगेतल्या पोरी उठून ओरडायला लागल्या, “पन चोर कोन? चोर कोन?” आणि तिला त्या सुटकेचीच लाज वाटली. फडातल्या बायकांना ताटकळत ठेवणंही तिला जमणारं नव्हतं. ती ट्रॉलीच्या कडेवर चढली आणि तिनं आरोळी ठोकली, “प्रवासी हो, जहाज सुटलं! चोर पुढच्या बंदरावर धरू!”

तिनं इंजिन सुरू केलं. जहाज शेताकडं जाणाऱ्या पांदीनं हळूहळू डुलत निघालं, कप्तान एका हातानं फळी आणि दुसऱ्या हातानं मिशी धरून उभा, आणि मागं अख्खं मैदान चालत. चोर कोण ते कळल्याशिवाय ढोकीकर घरी जातात होय!

फडात बायका कोयते खाली ठेवून बघतच राहिल्या. “हे काय आनलंय वो?” बलभीमची बायको अयोध्या म्हणाली.

“जहाज,” सुमनबाई मिशीतून म्हणाल्या.

पाचटाच्या झोपडीवजा कोपीतून फडात आणि फडातून कोपीत जाणाऱ्या त्या बायकांच्या वाट्याला कुठलं आलंय नाटक! श्रावस्तीनं त्यांना भराभरा आधीची गोष्ट सांगितली. त्या मोळ्यांवर ऐसपैस बसल्या. बलभीमसुद्धा म्हणाला, “हूं, करा, पर बिगीनं.”

पौर्णिमानं कप्तानाचा हात धरला. सुमनबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या, “आता आत्या म्हनलीस, तर बघ. घरात घेनार न्हाय.”

तिनं समोर पाहिलं. एका बाजूला गावातल्या पोरी, दुसऱ्या बाजूला पाचटानं हात कापलेल्या बायका, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. बोट वर उठलं.

“कप्तान, चोर तूच हायस! तुला वाट ठावं न्हाय, आन ते सांगायची तुला लाज वाटती!”

आवाज पार बांधापलीकडं गेला. आता कप्तानानं गुडघे टेकून रडायचं होतं. सुमनबाई रडायचं साफ विसरल्या. त्यांनी अर्धी सुटलेली मिशी ओढून काढली, दोन्ही हात वर केले आणि साऱ्या फडाला ऐकू जाईल असं ओरडल्या,

“धरलं का न्हाय मला? सांगा, धरलं का न्हाय? माझी सून हाय ती!”