डोक्याची तोंडी परीक्षा

मुलीची देशाच्या रग्बी संघात निवड झाली, तेव्हा आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत कौतुक फार आणि माहिती शून्य. "म्हणजे आपली कबड्डीच रे, बॉल घेऊन," असं तिचे वडील सगळ्यांना सांगायचे. ते स्वतः जुने कबड्डीपटू. चढाईला आलेल्याच्या पायांत डोकं घालून सूर मारायचे. डोकं आपटलं की तोंडावर पाणी मारून पुन्हा मैदानात. याला ते खेळ म्हणायचे, मी अंगातली मस्ती म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सामन्यात कुणाचा तरी गुडघा मुलीच्या कानशिलावर बसला. संघाच्या डॉक्टरांनी तिला तिथेच बाहेर काढलं. आता त्यांची तपासणी पास झाली तरच परदेश दौरा. घरी ती ट्यूबलाइट लावू द्यायची नाही. कुकरची शिट्टी झाली की कान झाकायची. मला म्हणाली, "आई, कोच सरांना काही बोलू नकोस हं. मी बरी आहे असंच सांगितलंय."

 मीही सरांना काही कळवलं नाही, कारण या दौऱ्यासाठी तिने नोकरीवर पाणी सोडलं होतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "माझी तयारी घे." लहानपणी पाढे घ्यायचे तशी मी भाजी निवडत उजळणी घेऊ लागले. डॉक्टर काय विचारतात ते तिला माहीत होतं, उत्तरं तिने घोकली होती. डोकं ठिकाणावर आहे का ते बघायची परीक्षा, आणि आम्ही मायलेकी ती पाठ करत होतो!

"मागचा सामना कुठल्या मैदानावर झाला?"

तिने घडाघडा सांगितलं.

"शेवटचा गुण कोणी घेतला?"

खाटेवरून तिचे वडील मध्येच बोलले, "मीच की! शेवटची पकड माझीच. आत्ताच तर आलो मैदानावरून. चहा टाकलास ना?"

चहाचा रिकामा कप त्यांच्या हातातच होता.

हल्ली ते दूध आणायला उतरायचे आणि कशाला आलो ते विसरून नाक्यावरच उभे राहायचे. वय झालं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. त्या सूर मारण्यामुळे हे झालं का, ते मला कुणी सांगितलेलं नाही. पण त्या क्षणी मला भयंकर भीती वाटली. मुलगी वडिलांच्या कपाळावरच्या जुन्या खुणेकडे बघत होती.

मग तिने फोन उचलला. "सर, माझं डोकं अजून दुखतंय," एवढं बोलून ती रडायला लागली.

"का रडते गं ती?" यांनी मला विचारलं. "हरलो काय आपण?"