चार पात्यांचा पंखा

माझा नवरा जहाजावर इंजिनिअर होता. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, उजवाही अर्धवट झाला, मेडिकलमध्ये तो नापास झाला आणि समुद्रावरची नोकरी सुटली. मग तो अंधेरीला लिफ्टच्या कंपनीत लागला. संध्याकाळी कांदिवलीला घरी यायचा, जेवताना ताटाकडे बघत बसायचा. मी विचारलं, तर म्हणाला, "काही झालं नाही गं. सगळं जागच्या जागी असतं, तेच सहन होत नाही."

म्हणून त्याने जुनी स्पीडबोट घ्यायची ठरवली तेव्हा मी एका शब्दाने अडवलं नाही. फायबरची, निमुळती, मागे एकच मोठं इंजिन टांगलेलं. मनोरीच्या खाडीत ती आम्ही ठेवायचो. किनाऱ्याजवळ अधूनमधून वेगाच्या बोटींची शर्यत होते, तिच्यात त्याला एकदा उतरायचं होतं. जिंकायचं वगैरे नाही, नुसतं उतरायचं.

रविवारी मार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे जायचं, बोट खाडीच्या तोंडाबाहेर काढायची आणि पळवायची. मी त्याच्या उजव्या बाजूला बसून मोबाइलवर दिसणारा वेग ओरडून सांगायचे. सुरुवातीला झकास चालायचं. मग एका ठरावीक वेगाला बोट डुलायला लागायची. डावीकडे कलली, उजवीकडे कलली, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. तो सुकाणू उलटं फिरवून सावरायला बघायचा, त्याने आणखीच बिघडायचं. शेवटी वेग सोडावा लागायचा.

"पंखा चुकीचा आहे," तो म्हणाला. प्रोपेलरला किनाऱ्यावरचे सगळे पंखाच म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो.

त्या आठवड्यात कित्येक महिन्यांनी तो जेवताना बोलला. ताटाच्या कडेला बोट फिरवत मला समजावून सांगत होता. आपला पंखा तीन पात्यांचा. पाती मागे झुकलेली, त्यामुळे तो बोटीचं नाक वर उचलतो. नाक उचललं की पाण्याला कमी घासतं, वेग मिळतो. पण मग सगळी बोट शेपटाकडच्या एवढ्याशा भागावर तोललेली राहते, म्हणून डुलते. चार पात्यांचा पंखा शेपूट उचलतो, नाक खाली ठेवतो, पाणी घट्ट पकडतो. वरचा वेग थोडा जातो, पण बोट सरळ चालते.

"मग चार पात्यांचाच घे ना," मी म्हटलं.

"थांब गं. आधी आहे त्यातच बघू."

भांडुपला पंखे दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्याने आमच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा किंचित वळवून दिल्या. म्हणाला, "साहेब, आता पाणी सोडणार नाही बघा." पुढच्या रविवारी बोट खरंच जास्त वेगापर्यंत सरळ गेली. मी आनंदाने आकडा ओरडले आणि त्याच क्षणी ती एवढी जोरात कलली, की मी सीटवरून उडून बाजूच्या कठड्यावर आपटले. गळपट्टीचं हाड मोडलं. परतताना तो एका हाताने मला धरून, अगदी हळू बोट चालवत होता आणि रडत होता. लग्नानंतर तो रडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"विकून टाकू," घरी आल्यावर तो म्हणाला. "वाट लागली असती तुझी."

हात गळ्यात बांधलेला असताना मी बरेच दिवस घरीच होते. तो लिफ्टचं काम करून यायचा, माझी वेणी घालायचा, भांडी घासायचा आणि पुन्हा गप्प. टीव्हीसमोर बसायचा, पण टीव्ही लावायचा नाही. मला ते खांद्याच्या दुखण्यापेक्षा जड गेलं. शेवटी मीच म्हटलं, "अरे, तो चार पात्यांचा आणून तर बघ."

"तू येणार नाहीस."

"येणार."

चार पात्यांना जास्त पाणी ढकलावं लागतं, इंजिन दमतं, म्हणून पिच एक इंच कमी घ्यायची, म्हणजे पंखा एका फेरीत तेवढा कमी पुढे जातो, असं त्याने भांडुपच्या कारागिराशी बोलून ठरवलं. नवा पंखा घरी आला तेव्हा त्याने तो डायनिंग टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं चहा पिताना त्याच्याकडे बघत बसलो.

माझा हात सुटल्यावरच्या पहिल्याच रविवारी आम्ही निघालो. बोट सरळ धावली. वेग खरंच थोडा कमी मिळत होता, पण नाक खाली होतं, सुकाणू शांत होतं. तो माझ्याकडे बघून हसला. परत वळून दुसरी फेरी मारली, आणि ती पुन्हा डुलायला लागली. पहिल्यासारखीच.

मग त्याने इंजिन थोडं खाली बसवायचं ठरवलं. बोट वाळूवर ओढून घेतली, इंजिन दोरखंडाने तोलून धरलं आणि त्याचे मोठे बोल्ट काढून खालच्या भोकांत बसवायला घेतले. मी बोल्टच्या दुसऱ्या टोकाला पाना धरून उभी होते. तो नट आवळत गेला, आवळत गेला, आणि नट थांबेचना. नटाखालची चकती बोटीच्या मागच्या फळीत रुतत गेली आणि कडेने तपकिरी पाणी आलं. त्याने पाना ठेवला, स्क्रू-ड्रायव्हर भोकात घातला. आतलं लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं बाहेर आलं.

बाहेरून फायबर चकचकीत होतं. आत फळी कुजली होती. इंजिन जिच्यावर टांगलंय तीच जोर लागला की वाकत होती, मग पंखा कुठलाही लावा.

"घेताना मी हातोडीने ठोकून बघितली होती," तो म्हणाला. "कुजलेली असली की आवाज बद्द येतो. मला बरा वाटला होता."

मी तेव्हा शेजारीच उभी होते. आवाज मला नीट आला होता, पण त्यात काय ऐकायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

बोट बांधणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला दाखवलं. तळाच्या लाकडी पट्ट्याही गेल्यात, फळी बदलून भागणार नाही, असं त्याने सांगितलं. "हळू चालवा. मासे धरायला चालेल."

नवऱ्याने मान हलवली. इंजिन विकलं. बोट तिथेच वाळूवर राहिली, कुणीतरी तिच्यावर जाळी वाळत घालायला लागलं. पंख्याचं काय करायचं, विचारलं तर म्हणाला, भांडुपला परत दे. त्यासाठी मी एकटीच गेले. कारागिराने पात्यांवरून हात फिरवला. "साहेब आले नाहीत का, वहिनी?" मी म्हटलं, त्यांना काम आहे.

काम नव्हतं. तो घरी झोपला होता. आता रविवारी तो दुपारपर्यंत झोपतो. उजव्या कानाचंही डॉक्टर फारसं काही सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही. परवा मी म्हटलं, ऊन उतरलंय, चल, अक्साच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येऊ. त्याला ऐकू गेलं नाही असं वाटून मी उजवीकडे जाऊन पुन्हा मोठ्याने म्हटलं.

"पहिल्या वेळीच ऐकलं होतं," तो म्हणाला आणि कूस बदलली.