कॅसलरॉकला नेलेली बाटली

मला खोकला लागला तो भातकापणीच्या दिवसांत. मळणी झाली तरी गेला नाही, तेव्हा आत्तीनं, म्हणजे माझ्या सासूनं, माझी ताटली वेगळी ठेवली. आमच्या कुंभारवाडा गावात तेव्हा खोकणाऱ्या सुनेकडं लोक असं बघायचे, की तिनं खोकला माहेराहून आंदणच आणलाय.

त्याच वेळी कॅसलरॉकला एक डाक्टर आला होता. स्टेशनाजवळच्या एका खोलीत दुर्बीण मांडून तो क्षयाचे जंतू शोधायचा. रानातल्या वाड्यांत हा आजार कुठवर पसरलाय ते त्याला बघायचं होतं. त्यानं गावोगाव झाकणाच्या बाटल्या वाटल्या. खोकला जात नसेल त्यानं सकाळी उठल्या उठल्या खोल खाकरून थुंकावं अन् बाटली आणून द्यावी, एवढंच त्याचं म्हणणं.

एवढंच म्हणे! आमच्यात नखं, केस, थुंकी परक्याच्या हाती जात नाही, त्यावर करणी होते. त्यातून मी तरणी, कूस अजून उजवायची होती. आत्तीनं साफ नाही म्हटलं. मग ह्यांनी तोड काढली. पूजेला नवरा बसतो, बायको नुसता त्याच्या हाताला हात लावते, अन् केलेलं दोघांचं होतं. तसंच हे. सकाळी हे उंबऱ्याशी बसले, मी त्यांच्या हाताला हात लावला, अन् ह्यांनी माझ्या वाटचं थुंकलं. खोकला ह्यांनाही होता, पण तो भट्टीच्या धुराचा. रानात कोळसा पाडणाऱ्या सगळ्यांनाच तो असतो, त्याला कोण विचारतंय? आता हसायचं तर हसा. आम्हाला तेव्हा मोठा पेच सुटल्यासारखं वाटलं होतं.

बाटली पदरात बांधून आम्ही कॅसलरॉकला चालत गेलो. डाक्टरनं थुंकी काचेवर पसरली, वर लाल रंग ओतून खालून दिव्यानं तापवली, धुतली, मग निळा रंग दिला. मलाही दुर्बिणीत वाकून बघायला लावलं. निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या.

"बाई, तुम्हाला क्षय आहे," तो म्हणाला.

मला काही वाटलं नाही. अंग लाकूड झालं, एवढंच.

औषध त्यावर तेव्हा नव्हतंच. वेगळं निजा, मोकळ्या हवेत राहा, दूध-अंडी खा, असं त्यानं सांगितलं. ह्यांनी खळ्यावर मला खोप बांधून दिली. घरच्या म्हशीचं दूध रोज स्वतः आणायचे अन् मी संपवेपर्यंत समोर उकिडवे बसून राहायचे. तुम्हीही घोटभर घ्या म्हटलं, तर म्हणायचे, आजारी तू हाईस. मी अंगानं भरले, खोकला गेला. ह्यांची मात्र गळ्याची हाडं वर आली. बायकोच्या काळजीनं झुरतोय, असं आत्ती म्हणायची, अन् शिव्या मला घालायची.

पावसाळ्याच्या तोंडावर डाक्टर दुर्बिणीची पेटी बैलगाडीत घालून आपला रोगी बघायला आला. मला बघून खूश झाला. या वेळी त्यानं समोर उभं राहून माझ्याकडून थुंकी घेतली. करणी व्हायची ती होऊन गेली होती, मी थुंकले. बराच वेळ तो काचेतून बघत राहिला. एकही लाल काडी नव्हती. त्याची खुशी उतरली. इतक्या लवकर असं होत नाही, म्हणाला, अन् पहिल्या वेळी बाटलीत कुणाची थुंकी होती ते त्यानं विचारलं. हे खोपीच्या दाराशी खोकत उभे होते.

"ती ह्यांची व्हती," मी म्हटलं.

डाक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता ह्यांच्याकडं बघत राहिला. ह्यांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हंजे तुला काय झालं न्हाई?" अन् हसले.

त्या संध्याकाळपासून मी घरात निजले अन् हे खोपीत. दूध मी न्यायची. भात कापायला आलं तेव्हा हे गेले. बायका म्हणाल्या, रड गं, मोकळी हो. रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. पूजेचं निम्मं पुण्य बायकोला मिळतं म्हणतात. मी हात नीट लावला होता. ह्यांचा आजार मात्र निम्मासुद्धा माझ्याकडं आला नाही.